'बेकार' असा रकाना नसतो : टॉप गिअरची झोंबरी परीक्षणं आणि आपलं संशोधन



नेट, सेट, पेट यांपैकी कशाची तरी तयारी तुम्ही करत असाल, तर "पूर्वसंशोधनाचा चिकित्सक आढावा घ्या" हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. आढावा म्हणजे काय ते कळतं. चिकित्सक म्हणजे नेमकं काय करायचं, ते मात्र कुणी नीट सांगत नाही. मग आपल्यापैकी निम्मे जण "अमुक यांनी तमुक अभ्यास केला" अशी यादी लावतात, आणि उरलेले निम्मे सरळ झोडपायला लागतात. मी दुसऱ्या गटातला. म्हणून आज टीका कशी करावी आणि कशी करू नये, यावर बोलूया. उदाहरण घेऊ मोटारगाड्यांचं, कारण मी हा धडा शिकलो तो एका गाडीमुळेच.

आमचं गाव दौंड तालुक्यात. काही वर्षांपूर्वी अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, एक जुनी छोटी गाडी बघून ठेवली होती. कुठली ते सांगत नाही, गरजही नाही. आजीला डोळ्यांसाठी वरचेवर पुण्याला न्यावं लागायचं आणि लोकलच्या गर्दीत तिचे हाल व्हायचे, म्हणून ही खटपट. मी तेव्हा एम. ए. करत होतो आणि यूट्यूबवर 'टॉप गिअर' या इंग्रजी कार्यक्रमाचे तुकडे रात्र रात्र बघत होतो. घरात गाडीचा विषय निघाला आणि मी त्याच थाटात बोललो, "अण्णा, ती गाडी नाहीये, पत्र्याचा डबा आहे. त्यात बसण्यापेक्षा आजीला बैलगाडीतून नेलेलं बरं." सगळे हसले. अण्णाही हसले. आणि व्यवहार तिथेच थांबला.

त्या वेळी माझा मामेभाऊ घरी आला होता. तो शिरूर तालुक्यातला, रांजणगावच्या एमआयडीसीत एका वाहन कारखान्यात कामाला. तो एकटाच हसला नाही. जेवणं झाल्यावर अंगणात मला म्हणाला, "तू त्या गाडीत बसला होतास का?"

मी म्हणालो, "नाही."

"मग चालवून पाहिली असशील."

"नाही रे दादा, पण सगळे तसंच म्हणतात."

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आमच्याकडं गाडीत चूक सापडली ना, तर कागदावर लिहावं लागतं. कुठली चूक, कुठल्या दारात, किती मिलिमीटर, कुणी पाहिली, किती वाजता. 'बेकार' असा रकाना नसतो त्या कागदावर."

आजी पुढचं वर्षभर लोकलनेच गेली. ती गाडी खरंच वाईट होती की चांगली, हे मला आजही माहीत नाही. हेच तर दुखणं आहे. मी एक निर्णय बदलला होता आणि माझ्याकडे माहिती शून्य होती.

आधी कार्यक्रमाविषयी थोडं

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी : टॉप गिअर हा बीबीसीचा मोटारगाड्यांवरचा कार्यक्रम. १९७७ साली सुरू झाला तेव्हा तो बराचसा सरळ, माहिती देणारा होता. २००२ मध्ये त्याला नवं रूप मिळालं आणि जेरेमी क्लार्कसन, रिचर्ड हॅमंड आणि पुढच्या वर्षी आलेला जेम्स मे या तिघांनी तो जगभर नेला. २०१५ मध्ये क्लार्कसन बाहेर पडेपर्यंत हा काळ चालला.

क्लार्कसनची खासियत म्हणजे गाडीची बेअब्रू. जुन्या टॉप गिअरमध्ये, १९९५ साली, त्याने व्हॉक्सॉल व्हेक्ट्रा या गाडीचं परीक्षण केलं. या गाडीबद्दल सांगण्यासारखं काही नाही, हेच त्याचं मुख्य म्हणणं होतं! तेवढ्याने ते गाजलं.

आता इथे घाई करून "कडक बोलणं वाईट" असा निष्कर्ष काढू नका. बीबीसीचा ब्रिटनमधला खर्च प्रेक्षकांच्या परवाना शुल्कातून चालतो, गाड्यांच्या जाहिरातींवर नाही. त्यामुळे कंपनीला काय वाटेल याची भीती न बाळगता बोलता येत होतं. गाडीबद्दलचा मजकूर आणि गाडीची जाहिरात एकाच पानावर छापली जाते, तिथे असा परखडपणा दुर्मीळ. म्हणजे कडकपणाला किंमत आहे. प्रश्न एवढाच, की तो कडकपणा कशावर उभा आहे?

तीन थर : दिसलं, काढलं, वाटलं

कुठलीही टीका घ्या, तिच्यात तीन थर असतात.

पहिला थर निरीक्षणाचा. काय दिसलं, काय मोजलं. दुसरा अनुमानाचा. त्यावरून काय निष्कर्ष काढला. तिसरा मताचा. ते चांगलं की वाईट.

चौफुल्याहून न्हावऱ्यामार्गे शिरूरला जाणारा रस्ता घ्या. समजा, मी म्हणालो, "चार माणसं बसलेली असताना पारगावच्या पुढे ऊसाच्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर ओलांडायला मला तिसऱ्या गिअरवर यावं लागलं." हे निरीक्षण. "म्हणजे भरलेल्या गाडीत इंजिनाची ताकद कमी पडते." हे अनुमान. "गाडी रडकी आहे." हे मत.

पहिलं वाक्य तुम्ही स्वतः जाऊन तपासू शकता. दुसऱ्यावर वाद घालू शकता : ताकद कमी होती, की चालवणाऱ्याने गिअर उशिरा बदलला? तिसऱ्या वाक्याचं काय करणार? हसणार किंवा चिडणार. आणि गंमत अशी, की लक्षात राहतं ते नेमकं तिसरंच.

बैलबाजारात हे लोकांना पुस्तक न वाचता कळतं. गिऱ्हाईक बैलाला नावं ठेवतं, विकणारा तोंडभर कौतुक करतो, पण मध्येच कुणीतरी बैलाचं तोंड उघडून दात बघतो. आदत, दुस्सा, चौसा, जुळीक. तिथे बोलणं संपतं. दात दोघांनाही सारखेच दिसतात. संशोधनात आपल्याला हवी असते ती ही 'दोघांनाही सारखी दिसणारी' जागा.

उदाहरण पहिलं : ५५ मैलांचा खटला

आता एक गाजलेलं प्रकरण नीट उलगडून बघू. मला ते कुठल्याही संशोधन पद्धतीच्या प्रकरणाइतकं उपयोगी वाटतं.

डिसेंबर २००८ मध्ये टॉप गिअरने टेस्लाच्या रोडस्टर या विजेवरच्या गाडीचं परीक्षण दाखवलं. सुरुवातीला कौतुकच होतं. लोटस एलीस या पेट्रोल गाडीशी सरळ शर्यत लावली आणि रोडस्टर पुढे गेली. मग सूर बदलला. कंपनी एका चार्जिंगमध्ये सुमारे २०० मैल सांगते, पण आमच्या ट्रॅकवर ती ५५ मैलांतच संपेल असा हिशेब निघाला आहे, असं क्लार्कसन म्हणाला. म्हणजे सुमारे ३२० किलोमीटरच्या जागी ८८. पुढच्या दृश्यात माणसं गाडी ढकलत आत नेताना दिसली.

२०११ मध्ये टेस्लाने लंडनच्या उच्च न्यायालयात बीबीसीवर दावा लावला. कंपनीचं म्हणणं : गाडीतल्या नोंदींनुसार बॅटरी कधीच २० टक्क्यांच्या खाली गेली नव्हती, मग ढकलण्याचं दृश्य कशाला? कार्यक्रमाच्या निर्मात्यांचं म्हणणं : गाडी प्रत्यक्ष संपली असं आम्ही म्हटलंच नाही, संपली तर काय होईल ते दाखवलं; आणि ५५ चा आकडा टेस्लाच्याच तज्ज्ञांच्या हिशेबातून आलेला आहे.

न्यायालयाने टेस्लाचा दावा मान्य केला नाही आणि मार्च २०१३ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. बदनामीच्या मुद्द्यावर न्यायालयाचा विचार साधारण असा होता : ट्रॅकवर गाडी जीव खाऊन पळवली जाते, तिथला आकडा आणि रस्त्यावर रोज चालवतानाचा आकडा यांची सरळ तुलना होत नाही, हे समजदार प्रेक्षकाला कळतं. म्हणून 'ट्रॅकवर ५५' म्हटल्याने 'रस्त्यावर २००' हा कंपनीचा दावा खोटा आहे, असा अर्थ निघत नाही.

आता संशोधक म्हणून याकडे बघा. बीबीसी खटला जिंकली. पण पद्धत जिंकली का?

एक, 'आमच्या ट्रॅकवर' हे शब्द बोलले गेले होते. त्याच शब्दांनी कार्यक्रम वाचला. आपल्या भाषेत त्याला अभ्यासाची मर्यादा सांगणं म्हणतात. विद्यार्थी मर्यादांचा परिच्छेद शेवटी उरकतात, जसा काही तो दंड आहे. खरं तर तो परिच्छेद म्हणजे तुमची ढाल.

दोन, ५५ हा हिशेबाने काढलेला आकडा होता, पण चित्र दाखवलं ते प्रत्यक्ष घडल्यासारखं. अनुमानाला निरीक्षणाचे कपडे घातले. कायद्यात ते चाललं. प्रबंधात चालणार नाही. मोजलेलं आणि काढलेलं यांत फरक दिसलाच पाहिजे.

तीन, कायदा विचारतो, "समजदार माणसाला काय अर्थ लागेल?" संशोधन त्याहून कठोर प्रश्न विचारतं, "दुसऱ्या माणसाने हेच केलं तर हेच मिळेल का?" खटल्यातून सुटणं म्हणजे बरोबर असणं नव्हे.

आपल्याकडे याच गोष्टीचं रोजचं रूप म्हणजे ॲव्हरेज. "कंपनी २२ सांगते, देते १६" असं दौंडच्या स्टँडवर कुणीही सांगेल, आणि वर "कंपन्या लुटतात" हेही. आता बघा. पुण्यात कोथरूडला एआरएआय ही वाहनांची चाचणी करणारी संस्था आहे, १९६६ सालची. गाडीच्या मायलेजचा अधिकृत आकडा येतो तो अशा प्रयोगशाळेतून. तिथे गाडी रोलरवर ठेवून ठरलेल्या क्रमाने पळवतात, थांबवतात. चारचाकीसाठी वापरल्या जाणाऱ्या या क्रमाचं नाव 'मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल', म्हणजे एमआयडीसी (रांजणगावची नव्हे!). त्यात वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. पाटसच्या टोलनाक्याची रांग नाही, मागे कांद्याची पोती नाहीत, पूर्ण सोडलेला एसी नाही.

मग २२ खोटं का? नाही. १६ खोटं का? तेही नाही. दोन वेगळ्या परिस्थितींतली ती दोन मोजमापं आहेत. २२ चा उपयोग दोन गाड्यांची तुलना करायला, कारण दोघींची परीक्षा एकाच पेपरवर झाली आहे. १६ चा उपयोग महिन्याचं डिझेल काढायला. जो माणूस या दोन्हींना एकाच तराजूत घालून "लबाडी" म्हणतो, तो कडक बोलतोय पण काही सांगत नाहीये.

उदाहरण दुसरं : मुद्दाम उलटणारी गाडी

हे मात्र साधं प्रकरण नाही. २०१० मध्ये क्लार्कसनने रिलायंट रॉबिन ही तीन चाकी ब्रिटिश गाडी चालवली. पुढे एक चाक, मागे दोन. भाग असा होता की वळण आलं की गाडी आडवी. पुन्हा उभी करायची, पुन्हा वळण, पुन्हा आडवी. हसून हसून पोट दुखावं असा भाग. लाखो लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं : रॉबिन उलटते.

२०१६ साली क्लार्कसनने स्वतःच आपल्या वर्तमानपत्री स्तंभात कबूल केलं, की ती गाडी वळणावर उलटावी म्हणून तिच्या डिफरन्शिअलमध्ये आधीच फेरफार करून घेतला होता. साधी रॉबिन अशी सहजासहजी उलटत नाही.

आपल्या भागातल्या वाचकाला खरं तर तेव्हाच शंका यायला हवी होती. पुढे एक चाक असलेल्या सहा आसनी रिक्षेत आपण दहा-दहा जण बसून गेलोय. ती कलते, भरधाव वळवली तर उलटतेही. त्यातले अपघात थट्टेवारी नेण्यासारखे नाहीत. पण प्रत्येक वळणाला? तसं असतं तर केडगाव स्टेशनपासून चौफुल्यापर्यंत एकही रिक्षा पोचली नसती. मीही त्या रिक्षेत शंभर वेळा बसलो होतो. तरी तो व्हिडिओ बघताना माझ्या मनात प्रश्न आला नाही. हशा आला की प्रश्न मागे पडतो, हे मी स्वतःवरून सांगतो.

प्रयोगाच्या भाषेत इथे काय झालं? उपकरण आधीच निष्कर्षाच्या बाजूने वाकवलं होतं आणि ते सांगितलं नव्हतं. करमणूक म्हणून त्याला माफी असेल. पण आपण याच्या किती जवळून जातो ते पाहा. प्रश्नावलीत तुम्ही लिहिता, "निकृष्ट दर्जाच्या वाहनांमुळे तुम्हाला कोणता त्रास झाला?" झालं. डिफरन्शिअल बिघडवलं तुम्ही. आता समोरचा माणूस प्रत्येक वळणावर तुम्हाला हव्या त्या बाजूलाच पडणार. 'निकृष्ट' हा शब्द उत्तरातून यायला हवा, प्रश्नातून नाही.

उदाहरण तिसरं : एकही विशेषण नसलेली सगळ्यात कडक टीका

आता तिसरी गोष्ट, आणि तिचं एक टोक शिरूर तालुक्यात आहे.

जानेवारी २०१४ च्या अखेरीस ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्यांच्या धडक चाचण्यांचे निकाल जाहीर केले. मारुती सुझुकी अल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय १०, फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो. सगळ्या एअरबॅग नसलेल्या. मोठ्या प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाचही गाड्यांना मिळाले शून्य तारे.

शून्य! यापेक्षा झोंबरं परीक्षण कुठलं? पण त्यात 'डबा' नाही, 'रडकी' नाही, बैलगाडी नाही. होतं काय, तर वेग : ताशी ६४ किलोमीटर. धडक : समोरून, गाडीच्या रुंदीच्या ४० टक्के भागावर. आत माणसाऐवजी संवेदक लावलेले पुतळे, आणि पुतळ्याच्या डोक्याला, छातीला, पायाला किती मार बसला त्याच्या नोंदी.

आणखी बारकाईने पाहिलं तर पाच शून्यं सारखी नव्हती. अल्टो, नॅनो आणि आय १० यांच्या सांगाड्यातच कमी-जास्त प्रमाणात उणीव दिसली. फिगो आणि पोलो यांचा सांगाडा टिकला होता, कमी होती ती एअरबॅगची. पोलोची दोन एअरबॅग असलेली आवृत्ती तपासली तेव्हा तिला चार तारे मिळाले आणि कंपनीने बिनएअरबॅगची पोलो विकणं थांबवलं. म्हणजे टीका इतकी नेमकी होती की काय दुरुस्त करायचं ते तिच्यातूनच कळत होतं.

उद्योगाकडून हरकती आल्याच : या गाड्या भारतातले त्या वेळचे नियम पाळतात, ६४ चा वेग संयुक्त राष्ट्रांच्या नियमातल्या ५६ पेक्षा जास्त आहे. हरकती बरोबर की चूक यापेक्षा त्यांचा दर्जा पाहा. भांडण वेगावर होतं, कोनावर होतं, नियमावर होतं. "तुम्ही आमच्या गाडीला डबा म्हणालात" यावर नव्हतं. पद्धत उघडी असली की भांडणसुद्धा उपयोगी होतं.

पुढे ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलांना आणि २०१९ पासून जुन्यांनाही धडक चाचणी सक्तीची झाली. डिसेंबर २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले. भारतात बनून भारतात विकल्या जाणाऱ्या गाडीला ते पहिल्यांदाच मिळत होते. ती गाडी तयार होते रांजणगावात, फियाट आणि टाटा यांच्या भागीदारीतल्या कारखान्यात. ऑक्टोबर २०२३ पासून तर आपली स्वतःची भारत एनकॅप ही चाचणी सुरू झाली. आमच्याकडे अष्टविनायकाच्या दर्शनाला येणारे लोक महागणपतीपुढे हात जोडतात आणि परत जाताना एमआयडीसीच्या भिंतीवरून पुढे निघून जातात. त्या भिंतीपलीकडे 'किती मिलिमीटर' विचारणारी माणसं बसलेली असतात, हे मला मामेभावामुळे कळलं.

एक सावधगिरी. पाच तारे म्हणजे अमरत्वाचा पट्टा नव्हे. ते तारे ठरलेल्या वेगाच्या, ठरलेल्या धडकेबद्दल बोलतात. रात्रीच्या अंधारात रिफ्लेक्टर नसलेल्या ऊसाच्या ट्रॉलीखाली गाडी घुसली तर काय होईल, हे त्या चाचणीत विचारलेलंच नाही. हाही परत तोच मुद्दा : 'आमच्या ट्रॅकवर'.

आपल्या न्यायालयापुढचं तेल

हे सगळं परदेशी वाटत असेल तर मुंबईचं एक प्रकरण थोडक्यात. २०१८ मध्ये एका यूट्यूबरने पॅराशूट खोबरेल तेलावर टीका करणारा व्हिडिओ टाकला. त्यात दुसऱ्या तेलाशी तुलना होती, तेल गोठवून बघणं होतं. मॅरिको कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. जानेवारी २०२० मध्ये एकल न्यायमूर्तींनी व्हिडिओ काढायचा आदेश दिला. महत्त्वाचा मुद्दा होता : हे वैयक्तिक मत म्हणून मांडलंय की वस्तुस्थिती म्हणून? वस्तुस्थिती म्हणून मांडायचं तर मागे तेवढी तपासणी हवी, आणि ज्याचे प्रेक्षक जास्त त्याची जबाबदारी जास्त. पुढे अपिलात खंडपीठाकडून त्याला काही प्रमाणात अंतरिम दिलासाही मिळाला. म्हणजे ग्राहकाने बोलूच नये असा याचा अर्थ नाही. पण 'मला वाटलं' आणि 'असं आहे' यांतली रेघ किती महाग पडू शकते, ते यातून दिसतं.

आता माझी चूक

एवढं सगळं कळूनही मी संशोधन आराखडा लिहायला बसलो तेव्हा काय केलं? माझ्या विषयावरचा एक जुना प्रबंध होता. त्याच्याबद्दल मी लिहिलं, "सदर अभ्यास वरवरचा असून आज कालबाह्य ठरला आहे." वाक्य मला भारी आवडलं होतं.

मॅडमनी ते वाचलं आणि विचारलं, "किती पानं वाचलीस?"

मी सारांश आणि शेवटचं प्रकरण वाचलं होतं. मला अंगणातला मामेभाऊच समोर दिसला. 'तू त्या गाडीत बसला होतास का?'

ग्रंथालयात जाऊन तीन दिवस तो प्रबंध वाचला. तिसऱ्या प्रकरणात त्या संशोधकाने स्वच्छ लिहिलं होतं, की अभ्यास छापील जाहिरातींपुरता आहे आणि फक्त स्वतःच्या नावावर खरेदी करणाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या आहेत. मी ज्याला 'वरवरचा' म्हणत होतो ती त्याने आखून घेतलेली हद्द होती. पण खरी फट मला तिथेच सापडली. मग मी असं लिहिलं :

"या अभ्यासात खरेदीदार म्हणून केवळ ज्यांच्या नावावर वाहन आहे अशांचाच समावेश आहे. कुटुंबात वाहनाचा निर्णय अनेकांच्या बोलण्यातून होतो. त्यामुळे खरेदी न करण्याचे निर्णय या पद्धतीत दिसू शकत नाहीत."

पहिल्या वाक्यापेक्षा हे सौम्य वाटतं का? नीट वाचा. पहिल्याने त्या प्रबंधाला ओरखडाही उठत नव्हता. उत्तर देण्यासारखं त्यात काही नव्हतंच. दुसऱ्याने बरोबर सांध्यात बोट ठेवलंय. आणि त्याच वाक्यातून माझा संशोधन प्रश्न निघाला : घरात, पारावर, फोनवर ऐकलेल्या एखाद्या तिखट वाक्यामुळे मोडलेले व्यवहार. अंगणात अण्णांचा व्यवहार मोडला तो याच जातीचा.

लिहिण्याआधी स्वतःला विचारायचे पाच प्रश्न

१. मी गाडीत बसलोय का? म्हणजे मूळ प्रबंध, मूळ लेख पूर्ण वाचलाय का, की दुसऱ्याने काढलेलं उद्धृत वाचून बोलतोय?

२. हे दिसलं, काढलं की वाटलं? वाक्यासमोर पेन्सिलने नि, अ, म लिहा. पानभर फक्त म आले तर पान फाडा.

३. ट्रॅक कुठला? समोरच्याने ज्या परिस्थितीत मोजलं, त्याच परिस्थितीबद्दल मी बोलतोय ना? १९९० चा अभ्यास मोबाईलबद्दल बोलत नाही ही त्याची चूक नव्हे.

४. डिफरन्शिअल कुणी हलवलंय? त्याच्या साधनात किंवा माझ्या प्रश्नात निष्कर्ष आधीच भरलाय का?

५. या टीकेने काय दुरुस्त होईल? पोलोला एअरबॅग हवी, हे शून्यातून कळलं. माझ्या वाक्यातून पुढच्या संशोधकाला काय कळेल?

आणि जे पहिल्या गटातले आहेत, 'यांचे कार्य मोलाचे आहे' एवढंच लिहून पुढे जाणारे, त्यांनाही हेच प्रश्न. 'मोलाचे' हासुद्धा 'बेकार'सारखाच, नसलेल्या रकान्यातला शब्द आहे. कौतुक करा, पण कुठल्या दाराचं, किती मिलिमीटरचं ते सांगा.

घरचा अभ्यास

या आठवड्यात दोन गोष्टी करून बघा. एक, यूट्यूबवरचं कुठलंही झणझणीत वाहन परीक्षण घ्या, दहा मिनिटांचं. त्यातली वाक्यं वहीत उतरवा आणि प्रत्येकापुढे नि, अ, म लिहा. तुमची मोजणी काय येते ते बघा, आणि मित्राला तेच स्वतंत्रपणे करायला सांगा. दोघांच्या खुणा जिथे जुळत नाहीत, तिथे थांबा. संशोधनात या जुळण्याला फार मोल आहे आणि त्यावर पुढचा लेख लिहिणार आहे. दोन, तुमच्या आराखड्यातलं तुम्हाला सगळ्यात आवडलेलं टीकेचं वाक्य शोधा. आवडलंय म्हणजे त्यात काहीतरी गडबड असण्याची दाट शक्यता आहे. ते मूळ पान उघडून पुन्हा तपासा.

अण्णांनी पुढे दुसरी एक जुनी गाडी घेतली. बघायला जाताना मामेभावाला बरोबर नेलं. त्याने चारही दारं उघडून-मिटून पाहिली, खाली वाकून पत्रा पाहिला, मला शेजारी बसवून पाटसपर्यंत चालवून आणली. परत आल्यावर अण्णांनी विचारलं, "कशी आहे?" तो म्हणाला, "डावीकडचं मागचं दार बसत नाही नीट, बाकी घ्या."

दार दुरुस्त झालं. आजी खिडकीशी बसते.